वेलबीइंगची प्रश्नावली विद्यार्थ्यांवर नीट चालते का, हे अल्फा ०.९१ आला म्हणून ठरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: १४ प्रश्नांची वेलबीइंग (मानसिक स्वास्थ्य) स्केल, सगळे प्रश्न पॉझिटिव्ह वळणाचे, 'कधीच नाही'पासून 'सतत'पर्यंत पाच पर्याय, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं. एकाच विद्यापीठातल्या ३०० च्या आसपास विद्यार्थ्यांकडून गुगल फॉर्मवर भरून घेतली, क्रॉनबॅक अल्फा (एका स्केलमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) ०.९१ आला, गाईड म्हणतायत रिलायबल (भरवशाची) आहे असं लिहा आणि पुढच्या चॅप्टरला लागा. एवढं पुरेल का? आणि एक आयटम (प्रश्न) काढला की अल्फा ०.९२ होतो, तर तो काढू का?

पुरणार नाही. डेटा वाया गेलाय असं अजिबात नाही, पण त्या ०.९१ वर जेवढा भार टाकायचा विचार चाललाय तेवढा तो पेलत नाही. दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी येते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रिलायबिलिटी ही प्रश्नावलीच्या अंगाला चिकटलेली गोष्ट नाहीये, ती त्या ठराविक लोकांकडून त्या ठराविक परिस्थितीत मिळालेल्या स्कोअरची असते. माणसामाणसांत जो खरा फरक आहे तो एकूण फरकाच्या किती टक्के, एवढंच ते गुणोत्तर सांगतं. त्यामुळे तुमचं सॅम्पल एकाच डिपार्टमेंटचं, एकाच वर्षाचं, साधारण एकाच वकुबाचं असेल तर मुळात माणसामाणसांतला फरकच कमी, मग तीच प्रश्नावली तेवढीच चांगली असूनही आकडा खाली येतो. आणि उलट पण होतं, फार वेगवेगळे गट एकत्र ओतले की आकडा फुगतो. म्हणून 'मूळ लेखकांनी रिलायबिलिटी सिद्ध केलेली आहे' हे वाक्य लिहून सुटका होत नाही, तुमच्या मुलांवर तुम्हालाच बघावं लागतं.

आता अल्फा. क्रॉनबॅकचा पेपर १९५१ चा, तेव्हापासून हा आकडा जेवढा वापरला गेलाय तेवढाच गैरसमजातही अडकलाय. हे गणित स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. समजा प्रश्नांमधलं सरासरी कोरिलेशन (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती हलतात याचा आकडा, जास्तीत जास्त १) फक्त ०.३ आहे, म्हणजे काही फार भारी नाही. असे ५ प्रश्न असतील तर अल्फा येतो ०.६८. १४ असतील तर ०.८६. २८ असतील तर ०.९२. प्रश्नांचा दर्जा तोच, नुसती संख्या वाढली आणि 'नापास' स्केल 'उत्कृष्ट' झाली! म्हणून ०.७० च्या वर म्हणजे चांगलं, ०.९० च्या वर म्हणजे फारच चांगलं, असं जे सरसकट छापलं जातं ते वाचताना आधी प्रश्न किती आहेत ते बघायचं.

दुसरा गैरसमज म्हणजे अल्फा चांगला आला तर स्केल एकच गोष्ट मोजते. हेही नाही. १४ प्रश्नांचे सात-सातचे दोन गठ्ठे घ्या, गठ्ठ्याच्या आत कोरिलेशन ०.५ आणि दोन गठ्ठ्यांमध्ये जेमतेम ०.१, म्हणजे उघडउघड दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीचा दुसरीशी फारसा संबंध नाही. तरी अल्फा ०.८५ येतो. कोणीही परीक्षक तो आकडा बघून शंका घेणार नाही.

आणि तिसरं, जे तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात जास्त खुपतंय: सगळे प्रश्न एकाच दिशेचे आहेत, फॉर्म ग्रिडमध्ये आहे, मोबाईलवर भरलाय. ज्याला कंटाळा आलाय तो एकाच रकान्यात वरून खाली टिचक्या मारत जातो, आणि अशा माणसाची उत्तरं तर एकमेकांशी शंभर टक्के जुळतात, म्हणजे निष्काळजी लोक तुमचा अल्फा वाढवतायत. त्यामुळे आधी डेटात बघा की किती जणांनी १४ च्या १४ ठिकाणी एकच पर्याय दिलाय. मात्र फक्त तेवढ्यावरून त्यांना उडवू नका, कारण ज्याचं खरंच बरं चाललंय तोही सगळीकडे 'बऱ्याचदा' म्हणू शकतो. त्यांना धरून एकदा आणि वगळून एकदा असं दोन्ही करा, आकडा किती हलतो ते लिहा. पुढच्या वेळी मध्येच एखादा 'इथे दुसरा पर्याय निवडा' असा साधा आयटम टाका. काहीजण यावर उपाय म्हणून स्वतःच चार प्रश्न उलटे करून टाकतात, ते करू नका, उलट्या प्रश्नांचा स्वतःचाच एक वेगळा फॅक्टर (एकत्र जुळणाऱ्या उत्तरांचा गठ्ठा) तयार होतो आणि मग तो फॅक्टर म्हणजे मनाची कुठली बाजू यावर लोक पानंच्या पानं लिहीत बसतात.

तुमच्या स्केलचं वर्णन वॉरविक-एडिनबरा स्केलसारखं वाटतंय (१४ प्रश्न, स्कोअर १४ ते ७०), तर तिचंच उदाहरण घेऊ. २००७ मध्ये ती आली तेव्हा विद्यार्थ्यांच्या सॅम्पलमध्ये अल्फा ०.८९ आणि सर्वसाधारण लोकांमध्ये ०.९१ होता, आणि लेखकांनी स्वतःच लिहिलं की यावरून काही प्रश्न एकमेकांची पुनरावृत्ती करत असावेत असं दिसतं. २००९ मध्ये तिचं ७ प्रश्नांचं छोटं रूप आलं. म्हणजे जो आकडा बघून तुमचे गाईड खूश आहेत, तसाच आकडा बघून मूळ लेखकांनी भुवया उंचावल्या होत्या. (खरंच हीच स्केल असेल तर एक व्यवहाराची गोष्ट: तिला कॉपीराइट आहे, वापरण्यासाठी रीतसर लायसन्स घ्यावं लागतं, ते राहिलं असेल तर आजच अर्ज करा.)

बरं, मग करायचं काय. लोक इथे लगेच प्रश्नांचे किती गठ्ठे पडतात हे शोधणाऱ्या फॅक्टर अ‍ॅनालिसिसकडे पळतात. मी म्हणेन आधी आठ-दहा विद्यार्थ्यांना एकेकटं घेऊन बसा. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या शाखांचे, घरून येणारे, हॉस्टेलवर राहणारे. प्रत्येकाला प्रश्नावली द्या आणि सांगा की मोठ्याने वाच, आणि उत्तर निवडताना डोक्यात जे येईल ते बोलत राहा. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात आणि थिसिसमध्ये हा भाग बहुतेक वेळा नसतोच, कारण त्यातून टेबल निघत नाही.

त्यात काय दिसतं बघा. प्रश्न आहे भविष्याबद्दल आशा वाटण्याचा. मुलगी वाचते, क्षणभर थांबते, 'बऱ्याचदा'वर बोट ठेवते. का, विचारलं तर म्हणते कंपनीचा इंटरव्ह्यू कॉल आलाय ना. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी तो प्रश्न म्हणजे नोकरीचा प्रश्न, पहिल्या वर्षाच्या मुलाला तोच प्रश्न एकूण आयुष्याचा वाटतो. दोघांनी टिक एकाच ठिकाणी केलीय, पण मोजलं गेलंय वेगवेगळं. आता विचारा, 'हे तू कधीपासूनचं सांगतेयस?' वर सूचनेत ठळक लिहिलंय की गेल्या दोन आठवड्यांचा विचार करा, आणि पाचव्या-सहाव्या प्रश्नापर्यंत ती सूचना कधीच विस्मरणात गेलेली असते. उत्तर येतं, 'असं काही नाही, मी आहेच मुळात तशी.' म्हणजे तुम्ही अवस्था विचारताय आणि समोरचा स्वभाव सांगतोय. हे फार महत्त्वाचं आहे, कारण स्वभाव सांगणाऱ्याचं उत्तर दोन आठवड्यांनीही तेच येणार, तुमची टेस्ट-रीटेस्ट मस्त दिसणार, आणि ज्या बदलासाठी तुम्ही ही स्केल निवडली तो बदल तिला दिसणारच नाही. उपाय साधा आहे, 'गेल्या दोन आठवड्यांत' हे शब्द प्रत्येक स्क्रीनवर परत छापा, पण इंटरव्ह्यू घेतलाच नाही तर गरज आहे हे कळणारच नाही.

पर्यायांचंही तसंच. पाच पर्याय पाच चिठ्ठ्यांवर लिहा, मिसळा, आणि सांगा कमीपासून जास्तीपर्यंत लाव. पहिला आणि शेवटचा सगळे बरोबर लावतात. मधले 'क्वचित', 'कधी कधी', 'अधूनमधून' असले जवळजवळचे असतील तर त्यांची अदलाबदल होते, आणि तुमचा एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) मात्र २ आणि ३ यांना निमूटपणे २ आणि ३ धरून चालतो. दहा मुलांनी चिठ्ठ्या लावल्या की कुठला शब्द बदलायचा ते लगेच कळतं, त्याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.

आता टेस्ट-रीटेस्ट, म्हणजे तीच प्रश्नावली त्याच लोकांना परत देणं. तुमच्याकडे हे नाहीये आणि रिलायबिलिटीचा दावा करायचा तर हे लागतंच, कारण अल्फा एका बैठकीतला आहे, तो काळाबद्दल काहीच बोलत नाही. इथे सगळा खेळ मधल्या अंतराचा. प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहे, तुम्ही एका आठवड्याने परत दिलीत तर मधला एक आठवडा दोन्ही वेळा मोजला गेला, अर्धा कालावधी सामाईक, शिवाय आधीची उत्तरंही थोडी आठवतात. दोन महिन्यांनी दिलीत तर मध्ये इंटर्नल झाली, रिझल्ट लागला, कोणाचं ब्रेकअप झालं, आयुष्यच बदललं, मग आकडा कमी आला तर दोष प्रश्नावलीला द्यायचा की आयुष्याला? वॉरविक-एडिनबरावाल्यांनी एक आठवडा ठेवला होता आणि ०.८३ आला. आयुष्यातल्या समाधानाची ५ प्रश्नांची डीनर यांची स्केल १९८५ ची, ती विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरच बेतली होती, तिथे दोन महिन्यांनी ०.८२, पण ती एकूण आयुष्याबद्दल विचारते, दोन आठवड्यांबद्दल नाही, त्यामुळे तिला ते अंतर झेपतं. तुमच्यासाठी मी दोन ते तीन आठवडे म्हणेन, आणि सेमिस्टरच्या मधला शांत काळ, सबमिशन आणि परीक्षांपासून लांब.

दुसऱ्या वेळी शेवटी एक प्रश्न जोडा: मागच्या वेळेपेक्षा आता एकूण कसं वाटतंय, तसंच, बरं, की वाईट? मग 'तसंच' म्हणणाऱ्यांचा आकडा वेगळा काढा. खरी रिलायबिलिटी तीच. 'बरं' आणि 'वाईट' म्हणणाऱ्यांचे स्कोअर त्या त्या दिशेने सरकलेत का तेही बघा, फुकटात एक पुरावा मिळतो.

आकडा पिअर्सनचा (म्हणजे नेहमीचं कोरिलेशन) देऊ नका. परीक्षेचं टाइमटेबल लागलं आणि सगळ्यांचे स्कोअर बरोबर ५ ने खाली आले तरी पिअर्सन १ येतो, त्याला फक्त क्रम आणि सरळ रेषा दिसते. आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन, स्कोअर खरंच तेच आले का हेही बघणारं) काढा, टू-वे मॉडेल, अ‍ॅब्सोल्यूट अ‍ॅग्रीमेंटवाला, आणि कुठला प्रकार वापरला ते लिहा, नुसतं 'आयसीसी = ०.८१' लिहिणारे फार आहेत. ०.७५ ते ०.९० ला साधारण चांगलं धरतात. माणसं निदान ५०, जमलं तर १०० परत यायला हवीत. त्यासाठी निनावी कोड लागेल, आणि इथे गंमत होते, मुलांना स्वतः ठरवलेला कोड दोन आठवड्यांनी आठवत नाही. म्हणून कोड न बदलणाऱ्या गोष्टींवरून बनवायला सांगा, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेतला दिवस, असं. आणि जे परत आलेच नाहीत त्यांचे पहिल्या वेळचे स्कोअर परत आलेल्यांशी ताडून बघा, कारण परत येणारे बहुधा जास्त नेटके आणि जास्त बऱ्या अवस्थेतले असतात.

आयसीसी हातात आला की त्यातून एक गोष्ट काढा जी खरं तर सगळ्यात कामाची आहे आणि तीच कोणी काढत नाही: एका माणसाच्या स्कोअरमध्ये चूक किती. स्टँडर्ड डेव्हिएशन (स्कोअर सरासरीभोवती किती पसरलेत) ८ आणि रिलायबिलिटी ०.८३ धरा. १ मधून ०.८३ वजा केले ०.१७, त्याचं वर्गमूळ ०.४१, गुणिले ८ म्हणजे ३.३. ही झाली मोजमापातली स्टँडर्ड एरर. एका विद्यार्थ्यात खरंच बदल झालाय असं ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर फरक याच्या २.७७ पट हवा, म्हणजे ९ गुण! आता कल्पना करा, विद्यापीठाने तणावमुक्तीची कार्यशाळा घेतली, आधी-नंतर फॉर्म भरून घेतला, आणि प्रत्येक मुलाला 'तुझा वेलबीइंग ४ गुणांनी वाढला' असं पत्र दिलं. ते ४ गुण गोंगाटात सहज बसतात. ३०० जणांच्या सरासरीत ४ गुणांचा फरक मात्र अर्थपूर्ण असू शकतो, कारण सरासरीत चुका एकमेकींना खातात. म्हणजे स्केल 'चालते का' याचं उत्तर गटासाठी हो आणि एका माणसासाठी नाही असं असू शकतं, आणि समुपदेशन केंद्राला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर ते तुमच्या थिसिसचा हवाला देऊन मुलांची छाननी सुरू करतील.

फॅक्टर अ‍ॅनालिसिसबद्दल थोडक्यातच सांगते, कारण यावर मजकूर भरपूर मिळतो. तुमच्याकडे रचनेचा अंदाज आधीपासून आहे (एकच फॅक्टर), मग थेट कन्फर्मेटरी (आधी ठरवलेली रचना डेटात बसते का ते तपासणारी) करा. पाच पर्यायांचा डेटा ऑर्डिनल (नुसता क्रम असलेला) आहे, म्हणून अशा डेटासाठीच्या पॉलीकोरिक कोरिलेशनवर चालणारी डब्ल्यूएलएसएमव्ही ही पद्धत वापरा, 'आर' या सॉफ्टवेअरमधल्या लावान पॅकेजमध्ये होतं, पैसे लागत नाहीत. मॉडेल डेटात किती बसलं (फिट) ते सांगणारे सीएफआय निदान ०.९५, आरएमएसईए फार तर ०.०६, एसआरएमआर फार तर ०.०८ हे हू आणि बेंटलर यांचे १९९९ चे आकडे सगळे वापरतात, तुम्हीही वापरा, पण ती लक्ष्मणरेषा नाही, ते वेगळ्या प्रकारच्या डेटावरच्या सिम्युलेशनमधून आलेत. ५ प्रश्नांची छोटी स्केल असेल तर मॉडेलला डिग्री ऑफ फ्रीडम (मॉडेल तपासायला उरलेली मोकळी माहिती) उरतात फक्त ५, तेव्हा मॉडेल ठीक असूनही आरएमएसईए वेडावाकडा येऊ शकतो. १४ ला ७७ असतात, तुम्हाला ती भीती नाही. फिट वाईट आला तर मॉडिफिकेशन इंडेक्सच्या (काय बदललं तर फिट सुधारेल ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) मागे लागून एरर जोडत सुटू नका, तसं करून कुठलंही मॉडेल बसवता येतं. एक्सप्लोरेटरी (रचना डेटातूनच शोधणारी) करायचीच असेल तर निम्म्या डेटावर करा आणि कन्फर्मेटरी उरलेल्या निम्म्यावर, आणि फॅक्टर किती ते आयगेनव्हॅल्यू १ च्या नियमाने (ज्यांचा हा आकडा १ च्या वर ते सगळे धरा) नका ठरवू, नुसत्या योगायोगाच्या डेटाशी तुलना करणारी पॅरलल अ‍ॅनालिसिस करा. याच मॉडेलमधून ओमेगा (अल्फासारखाच, पण सगळे प्रश्न फॅक्टरशी सारखेच जोडलेले आहेत असं न धरणारा आकडा) काढा आणि अल्फाच्या शेजारी छापा, दोन्ही कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट.

मुलं-मुली किंवा पहिलं वर्ष-शेवटचं वर्ष अशी तुलना पुढच्या चॅप्टरमध्ये असेल (असतेच) तर त्याआधी इन्व्हेरियन्स (दोन्ही गटांत स्केल तीच गोष्ट सारखीच मोजते का) तपासावा लागतो: रचना तीच, मग लोडिंग (प्रश्न फॅक्टरशी किती जोडलेला आहे) तेच, मग इंटरसेप्ट (प्रश्नाची मूळ पातळी), किंवा ऑर्डिनल डेटात थ्रेशोल्ड (एका पर्यायावरून पुढच्यावर जाण्याचा उंबरठा), तेच. दर पायरीला सीएफआय ०.०१ पेक्षा जास्त पडला तर थांबा आणि कुठला प्रश्न त्रास देतोय ते शोधा. मघाचा आशेचा प्रश्न आठवतोय ना, वर्षांच्या तुलनेत तोच फुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिसरी पायरी पार न होता सरासऱ्यांची टी-टेस्ट लावली तर फरक मुलांतला की प्रश्नाच्या वाचनातला हे सांगता येत नाही.

सप्रमाणता, म्हणजे व्हॅलिडिटी (स्केल जे मोजायचं तेच मोजते का), हा वेगळा विषय आहे, पण एक धागा इथेच जुळतो. दोन स्केलमधलं कोरिलेशन दोघींच्या रिलायबिलिटीच्या गुणाकाराच्या वर्गमूळापेक्षा वर सहसा जात नाही, ०.९ आणि ०.८ असतील तर छत साधारण ०.८५. डिप्रेशनच्या स्केलशी तुमच्या स्केलचं नातं उलटं आणि मध्यम ते बऱ्यापैकी जोरदार यायला हवं, पण ते त्या छतालाच टेकलं तर तुम्ही वेलबीइंग मोजत नाही आहात, डिप्रेशनच उलटं टांगून मोजताय. किती यावं याचा अंदाज डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा. जोडीला डब्ल्यूएचओ-५ (जागतिक आरोग्य संघटनेची वेलबीइंगची छोटी स्केल) घेतली तर सोयीची, पाचच प्रश्न, बेरीज ० ते २५, चारने गुणलं की ० ते १००. डिप्रेशनची अशी स्केल घेताय ज्यात स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा प्रश्न आहे (पीएचक्यू-९ चा नववा), तर निनावी फॉर्ममध्ये कोणी 'रोज' लिहिलं तर तुम्ही काय करणार हे एथिक्स कमिटीला आधी सांगता आलं पाहिजे. निदान शेवटच्या स्क्रीनवर मदत कुठे मिळेल ते हवंच.

आणि सॅम्पल. फॉर्म वर्गात, शिकवणाऱ्याच्या समोर भरून घेतला असेल तर उत्तरं थोडी गोड असणार. शिवाय त्या दिवशी वर्गात न आलेली मुलं, ग्रुपवर लिंक येऊनही न उघडणारी मुलं, वेलबीइंगच्या अभ्यासात नेमकी तीच महत्त्वाची होती. यावर पूर्ण उपाय नाही, पण किती जणांना लिंक गेली आणि किती जणांनी भरली एवढं तरी लिहा.

आता तो आयटम. काढला की अल्फा ०.९१ चा ०.९२ होतो. ३०० जणांच्या सॅम्पलमध्ये एवढा फरक नुसत्या योगायोगाने येतो, दुसरे ३०० घेतलेत तर कदाचित दुसराच आयटम 'काढण्यासारखा' दिसेल. आधी तो प्रश्न कशाबद्दल आहे ते बघा. बहुतेक वेळा असं होतं की बाकीचे बरेच प्रश्न उत्साह आणि आत्मविश्वासाच्या आसपासचे असतात आणि हा एकटा नात्यांबद्दल किंवा स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याबद्दल असतो, म्हणून तो बाकीच्यांशी कमी जुळतो, आणि म्हणूनच तो हवा. त्याला काढलं तर स्केल अरुंद होते आणि अल्फा त्याबद्दल तुम्हाला बक्षीस देतो. शिवाय १३ प्रश्नांचा तुमचा स्कोअर १४ प्रश्न वापरणाऱ्या कोणाच्याही स्कोअरशी ताडता येणार नाही. इंटरव्ह्यूमध्ये तो प्रश्न मुलांना खरंच कळलेला नाही असं दिसलं, किंवा कन्फर्मेटरीमध्ये त्याचं लोडिंग अगदीच तळाला गेलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही मुख्य निकाल १४ चाच द्या, १३ चा शेजारच्या रकान्यात.